यंत्र आले तेव्हा बायका द्राक्षबागेत होत्या

समाजकार्य किंवा ग्रामीण विकास शिकून नाशिक जिल्ह्यात काम करू पाहणारी मुले भेटायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की, गावात कोणता उद्योग सुरू करावा. मीही तेथूनच सुरुवात केली होती, आणि पहिल्याच वर्षी चांगला तोंडघशी पडलो. त्या फजितीने मला पुढच्या कामाइतकेच शिकवले, म्हणून आधी तीच सांगतो.

पेठ तालुक्यातील एका पाड्यावर नागली (नाचणी) चांगली पिकत असे. महिला बचत गट होता, नागलीच्या पापडांना शहरात मागणी आहे असे आमच्या संस्थेने गृहीत धरले होते आणि अनुदानातून दळणाचे व पापडाचे यंत्र मिळत होते. प्रस्ताव मंजूर झाला आणि नोव्हेंबरअखेरीस यंत्र पाड्यावर उतरले. तोवर भात आणि नागलीची कापणी आटोपून गटातील निम्म्याहून अधिक बायका नवऱ्यांसह दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत विरळणी व डिपिंगच्या (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याच्या) कामाला गेल्या होत्या. घरोघरी म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे उरली होती. यंत्राला थ्री फेज वीज लागत होती आणि पाड्यावर ती नव्हतीच. त्याहून वाईट म्हणजे दळायला नागलीही शिल्लक नव्हती. कामाला निघण्यापूर्वी हाती पैसा हवा म्हणून बहुतेकींनी ती आठवडे बाजारात मिळेल त्या भावाला विकून टाकली होती. प्रस्तावात हंगामाचा रकानाच नव्हता, आणि प्रस्ताव मी स्वतः लिहिला असल्यामुळे दुसऱ्या कोणाला दोष देण्याची सोयही नव्हती.

त्यानंतर आम्ही उद्योगाचे नाव काढणे थांबवले आणि एकच काम हाती घेतले: पाड्यावर पैसा कोठून येतो, किती हातांतून फिरतो आणि कोठून बाहेर जातो, हे टिपून काढायचे. काही आठवडे आम्ही बाजाराच्या दिवशी पाड्याहून निघणाऱ्या जीपमध्ये बसून जात असू आणि कोणी काय विकले, काय विकत आणले, याची वही भरत असू. आत येणारा पैसा मोजकाच होता: नागली, वरई, थोडा भात, बागेतील मजुरी आणि निराधार वृद्धांचे अनुदान. शाळेतील गुरुजींचा पगार कागदोपत्री गावातला असला तरी गुरुजी नाशिकला राहत असल्याने तो गावात फिरत नसे. बाहेर जाणाऱ्या पैशाची यादी मात्र लांबत गेली: तेल, मीठ, साबण, खत, मोबाइल, जीपचे भाडे, दवाखाना, लग्नासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज. एका बाईंनी तर स्वतःच कापणीनंतर विकलेली नागली उन्हाळ्यात चढ्या भावाने परत आणली होती, आणि हे त्यांनी हसतहसत सांगितले.

अर्थशास्त्रात ज्याला गुणक म्हणतात, तो मला या वहीमुळे समजला. समजा, गावात बाहेरून १०० रुपये आले आणि प्रत्येक हातबदलात त्यातील २० टक्केच गावात पुन्हा खर्च झाले, तर १०० अधिक २० अधिक ४ असे करत एकूण उलाढाल १२५ रुपयांवर थांबते. तेच प्रमाण ६० टक्के झाले, तर उलाढाल २५० रुपयांपर्यंत जाते. म्हणजे एकही नवा रुपया न आणता, केवळ गळती कमी करून गावातील व्यवहार दुप्पट होऊ शकतो. अर्थात गणित कागदावर सोपे दिसते. साबण, मोबाइल आणि औषधे पाड्यावर तयार होणार नाहीत, आणि सारे काही गावातच बनवण्याचा हट्ट धरला तर लोक महाग आणि कमअस्सल वस्तू घेतील. म्हणून कोणती गळती बुजवता येण्याजोगी आहे आणि कोणती मान्य करायची, हे ठरवण्यात आपला खरा वेळ गेला पाहिजे.

आमच्या वहीत बुजवण्याजोग्या दोन जागा दिसल्या. पहिली मजुरीची; दुसरीकडे शेवटी वळतो. बागायतदार एकरावर उक्ते काम देई, ते मुकादम घेई आणि टोळीला रोजाने पैसे देई. मधला फरक त्याचा. मुकादमाला बाजूला सारले की प्रश्न सुटला, असे आम्हा शिकलेल्यांना लगेच वाटले. पण तो पावसाळ्यात, घरात दाणा नसताना उचल देत होता, जीप ठरवत होता, बागायतदाराकडून पैसे वसूल करत होता, आणि एखादी टोळी अर्ध्यातून परतली तर नुकसानही सोसत होता. ही चारही कामे करायला दुसरे कोणी तयार नसेल, तर मध्यस्थ हटवण्याच्या गप्पा पोकळ ठरतात. आम्ही केले ते इतकेच की, ज्या दोन टोळ्यांना बागायतदारांची चांगली ओळख होती त्यांनी उक्ते काम थेट घ्यावे, आणि उचलीऐवजी बचत गटाने पावसाळ्यात अंतर्गत कर्ज द्यावे. पहिल्या हंगामात एका बागायतदाराने पैसे लांबवले, तेव्हा टोळीतील काहीजणी पुन्हा मुकादमाकडे गेल्या. त्यांचे चुकले असे मला आजही वाटत नाही.

एका पाड्यापुरता दिसणारा गळतीचा हा विचार जिल्ह्याला लावून पाहण्याची सवय नवख्यांनी लवकर लावून घ्यावी. ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आला, सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मोटारनिर्मितीचे मोठे कारखाने उभे राहिले, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉपे भोवती वाढली. मोठा कारखाना बाहेरचा पैसा आणतो, पण शहरात तो किती मुरतो हे त्या लहान वर्कशॉपांवर ठरते. शेतीतही असेच घडते. दिंडोरी तालुक्यात मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी द्राक्षांची प्रतवारी, शीतसाखळी, निर्यात आणि प्रक्रिया ही कामे शेतकऱ्यांच्याच मालकीच्या संस्थेत करते, त्यामुळे बागेच्या बांधाबाहेरचे मूल्यही जिल्ह्यात राहते. कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीनंतर किमान १० उत्पादक एकत्र येऊन अशी कंपनी नोंदवू शकतात. पण नोंदणी हा त्यातील सर्वांत सोपा भाग असतो, आणि नोंदणीनंतर कुलूप लागलेल्या कंपन्या मी पाहिल्या आहेत.

एखाद्या भागाची खासियत मोजायची असेल तर स्थान गुणांक काढावा: जिल्ह्यातील एकूण रोजगारात त्या व्यवसायाचा वाटा किती, याला राज्यातील रोजगारात त्याच व्यवसायाचा वाटा किती, याने भागायचे. उत्तर १ पेक्षा बरेच जास्त आले, तर तो व्यवसाय बहुधा बाहेरची मागणी पुरवतो. मात्र हा आकडा बलस्थान दाखवतो, तसाच धोकाही दाखवतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजारात भाव कोसळले, आणि ज्या गावांत कांद्याशिवाय दुसरी आवक नव्हती तेथे किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीपर्यंत त्याचे पडसाद उमटले. दिल्लीतील निर्णय बदलणे ग्रामसभेच्या हातात नाही; एकाच पिकावर गावाने किती विसंबावे, यावर बोलणे तिच्या हातात आहे.

ग्रामपंचायतीशी ओळख करून घेणे नवखे लोक टाळतात, कारण त्यांना ते राजकारण वाटते. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, आणि त्यांत लघुउद्योग, कुटिरोद्योग, गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातून मिळणारे उत्पन्न), बाजार व जत्रा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कामाच्या पहिल्या आठवड्यातच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) जाऊन नमुना ८ ची, म्हणजे घरपट्टीची, आकारणी नोंदवही आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा पाहावा. आराखड्यात रस्ता, गटार आणि सभामंडपच असतील आणि उपजीविकेवर एकही ओळ नसेल, तर कोठे काम करायचे हे तेथेच कळते. पेठ आणि सुरगाणा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे पेसा कायद्यामुळे (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींसाठीचा कायदा) ग्रामसभेला गौण वनोपजाबाबत अधिकार आहेत, आणि आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागला. आमच्या पाड्याला वीजजोडणीचा पाठपुरावा करता आला तो ग्रामसभेच्या ठरावामुळे. माझ्या संस्थेच्या तीन पत्रांना उत्तरही आले नव्हते.

शिक्षणाबद्दल थोडेच सांगतो. पदवी कोणतीही चालेल; नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून शिकलेले चांगले कार्यकर्ते मी पाहिले आहेत. जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन आणि २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका वाचायला शिकावे. त्याहून गरजेचे म्हणजे जमाखर्च लिहिता येणे. बचत गटाच्या वहीतील व्याजाची चूक पकडता येत नसेल, तर बायका तुमच्याशी आदराने बोलतील, पण पैशाचे बोलणार नाहीत. कोकणा बोलीतील चार वाक्ये आली तर उत्तमच. पगार सुरुवातीला कमी असतो, आणि संस्थेचा प्रकल्प तीन वर्षांत संपतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

आमच्या वहीतील दुसरी बुजवण्याजोगी जागा नागलीची होती. कापणीनंतर गटच सभासदांकडून नागली विकत घेऊ लागला, म्हणजे कामाला निघताना हाती पैसाही येतो आणि धान्यही गावातच राहते. होळीला सारा पाडा परततो. त्यानंतर पाऊस लागेपर्यंत ऊनही असते आणि मोकळे हातही असतात, आणि पापड-वाळवणाचा हंगामही तोच. यंत्र आता त्या तीन महिन्यांतच चालते, उरलेले नऊ महिने झाकून ठेवलेले असते, आणि पाहायला येणारे पाहुणे हटकून नेमके त्याच नऊ महिन्यांत येतात. गेल्या उन्हाळ्यात नागली साठवायला जागा अपुरी पडली म्हणून दोन घरांचे माळे भाड्याने घ्यावे लागले; ते भाडे पाड्यातच राहिले. पापडाच्या छापील पिशव्या मात्र अजूनही नाशिकहूनच आणाव्या लागतात.