स्कायडायव्हिंग करताना वरची कवळी सुटत होती, त्यावर सापडलेला उपाय

विमानातून उडी मारल्यावर, ताशी सुमारे 200 किलोमीटर वेगाने खाली येत असताना, तोंड जरा उघडले की माझी वरची कवळी टाळूपासून सुटून जिभेवर येत असे. चिकटवण्याची पेस्ट जास्त लावली, तर ती घशाशी उतरली. दात आवळून धरले, तर जबडा दुखला. तीन उड्यांची मजा यातच गेली.

कवळीला टाळूशी धरून ठेवतो तो लाळेचा पातळ थर. वाऱ्याने तोंड कोरडे पडून कडेने हवा आत शिरली की ती पकड जाते. माझ्या जबड्याचे हाड झिजून कवळी सैलही झाली होती, म्हणून आधी दंतवैद्याकडून तिला आतून नवे अस्तर लावून घेतले. उडीच्या दिवशी कवळी धुऊन पूर्ण कोरडी केली, कडा सोडून पेस्टचे तीन बारीक ठिपके लावले, चूळ भरली, कवळी बसवली आणि काही सेकंद दाबून धरली. मग पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घालून, दारापाशी सरकण्यापूर्वीच त्याची काच खाली केली आणि श्वास नाकानेच घेतला. कवळी जागची हलली नाही.

एक-दोन दातांची सुटी कवळी मात्र श्वासनलिकेत अडकू शकते, त्यामुळे ती झाकणाच्या डबीत, पाण्यात बुडवून, जमिनीवरच ठेवावी.