जिम लावलीय? पहिल्या तीन महिन्यांत या चुका टाळा

नागपुरात थंडी पडली की जिममध्ये रॅकसाठी (रॉड ठेवायच्या चौकटीसाठी) रांग लागते आणि होळीनंतर ऊन तापलं की तोच रॅक दिवसभर रिकामा असतो. वर्षाची फी भरून मंडळी कुठे जातात? सगळे म्हणतात, आळस. मला ते पटत नाही. बरेच जण पहिल्याच आठवड्यात एवढं करून बसतात की दुसऱ्या आठवड्यात त्यांना जिना उतरवत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात जिमचं नाव काढवत नाही.

पहिल्याच दिवशी सगळी ताकद लावणे

शेजारचा ओरडतो, "भाऊ, अजून दोन!" आणि आपण मारतो. नव्या व्यायामाचं दुखणं त्याच दिवशी येत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं आणि चार-पाच दिवसांत उतरतं. अंग दुखलं म्हणजेच व्यायाम झाला, हा हिशोबही चुकीचा आहे. पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट (न थांबता केलेल्या फेऱ्या) करा, आणि अजून तीन रेप (एकदा उचलून खाली आणणं म्हणजे एक रेप) सहज निघाले असते असं वाटत असतानाच थांबा. स्नायूला सूज, हात सरळ होत नाही आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फुटून किडनीवर ताण आल्याची ती खूण असू शकते.

सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक...

कुठल्याही जिममध्ये सोमवारी संध्याकाळी बेंच रिकामा सापडणार नाही. हे 'एक दिवस, एक अवयव' वेळापत्रक वर्षानुवर्षं मेहनत घेतलेल्यांना चालून जातं. नवख्याचा एक दिवस हुकला की त्या अवयवाची पाळी थेट पुढच्या आठवड्यात. त्यापेक्षा सोमवार, बुधवार, शुक्रवार पूर्ण शरीराचा व्यायाम करा: स्क्वॅट (वजन घेऊन उठाबशा), बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून रॉड वर ढकलणं) किंवा पुशअप, लॅट पुलडाउन (वरचा दांडा छातीकडे ओढणं), रोमेनियन डेडलिफ्ट (कंबरेतून पुढे वाकून रॉड उचलणं), शोल्डर प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं), शेवटी प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं). तासाभरात आटोपतं. आठवड्यातून दोनच दिवस जमत असतील तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेची किमान शिफारसही तेवढीच आहे.

वजन अंदाजाने उचलणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. "किती मारतोस?" विचारलं तर पोरं प्लेटा मोजून सांगतात आणि रॉड विसरतात. ऑलिंपिक रॉड एकटाच २० किलोचा असतो. बारीक किंवा आखूड रॉड त्याहून हलके असतात, स्मिथ मशीनचा (रुळांवर वर-खाली सरकणारा) रॉड तर मशीनगणिक बदलतो. ट्रेनरला विचारा, नाहीतर सरळ वजनकाट्यावर ठेवून बघा.

मग एक साधी वही करा. मोबाइलही चालेल, पण मोबाइल उघडला की रील सुरू होते. तारीख, व्यायाम, वजन, रेप, एवढंच लिहायचं. समजा रॉडसकट ३० किलोचा बेंच प्रेस ८ रेपचे तीन सेट निघतो. वजन तेच ठेवून रेप वाढवत न्या. तिन्ही सेटमध्ये १२ व्हायला लागले की अडीच किलो वाढवा आणि पुन्हा ८ पासून सुरू करा. अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच किलो वाढतात. अशा वेळी आधी १४-१५ रेपपर्यंत जा, मगच प्लेट लावा. डंबेलमध्ये तर ७.५ वरून १० म्हणजे थेट एक तृतीयांश वाढ. खांदा तक्रार करणारच ना!

दोन-तीन आठवडे आकडा हलत नसेल तर व्यायाम बदलण्याआधी झोप, जेवण आणि दोन सेटमधली विश्रांती बघा. स्क्वॅट किंवा बेंचनंतर दोन-तीन मिनिटं थांबायचंच असतं. तरीही अडलं तर वजन दहा टक्के उतरवून पुन्हा चढा.

दुखतंय तर काय बघायचं?

स्क्वॅटला टाचा उचलल्या जात असतील तर आधी मऊ सोलचे रनिंग शूज बदला. मग टाचेखाली छोटी प्लेट ठेवा आणि डंबेल छातीशी धरून बसायची सवय करा. बेंचला खांद्याच्या पुढे टोचत असेल तर कोपर बहुधा थेट बाजूला पसरलेले असतात. ते थोडे आत घ्या. डेडलिफ्टनंतर फक्त कंबरच धरत असेल तर रॉड पायांपासून लांब जातोय. एकट्याने बेंच मारत असाल आणि रॉड अडवणाऱ्या सेफ्टी पिना नसतील तर प्लेटा घट्ट धरणाऱ्या क्लिप लावू नका. अडकलात तर रॉड कलता करून प्लेटा खाली सोडता येतात.

डबा आधी, जेवण नंतर

पहिल्या आठवड्यात प्रोटीन पावडरचा डबा घ्यायची काही गरज नाही. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. तीन अंडी १८, ५० ग्रॅम सुक्या सोया वड्या २५, १०० ग्रॅम पनीर १८, दोन वाट्या घट्ट वरण १२, पेलाभर दूध ८. इथेच ८१ झाले, पोळ्या वेगळ्या. तर्री पोह्यातले चणे प्रोटीनच्या खात्यात धरणारेही भेटतात. पोहे खुशाल खा, फक्त ते चणे मोजू नका. पावडर घ्यायचीच तर पक्कं बिल मागा आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक बघा. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि कोणी 'सायकल' (म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स) किंवा इंजेक्शनचा विषय काढला तर जिमच बदला.

मे महिन्यातही डिसेंबरसारखाच व्यायाम

पारा ४५ च्या पुढे असताना कूलरच्या जिममध्ये दुपारी डेडलिफ्ट मारणं ही हिंमत नाही. सकाळी लवकर जा, प्रत्येक व्यायामाचा एक सेट कमी करा, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवा. चक्कर, मळमळ किंवा अंगावर काटा आला तर तिथेच थांबा. कोरड्या उन्हाळ्यात कूलर छान काम करतो, पण पाऊस सुरू झाला की तोच कूलर हॉल दमट करतो आणि घाम वाळत नाही. तेव्हाही हाच नियम लावा.

लग्नसराईत दोन आठवडे बुडाले तर परत आल्यावर वहीतल्या शेवटच्या आकड्याला हात घालू नका. दहा-वीस टक्के कमी वजनाने सुरुवात करा. जुना आकडा साधारण दोन-तीन आठवड्यांत परत येतो.