मातीतलं यीस्ट घरच्या घरी कसं बघायचं

यीस्ट म्हटलं की पाव नाहीतर दारू आठवते, पण जांभळाखालच्या चिमूटभर मातीतही ते असतं. त्यातलं बरंचसं साखर आंबवतच नाही, त्यामुळे माती साखरपाण्यात टाकून बुडबुड्यांची वाट बघत बसू नका, प्लेट लावा, म्हणजे काचेच्या डब्यात जेली जमवून तिच्यावर यीस्ट वाढू द्या.

100 ग्रॅम बटाटा अर्धा लिटर पाण्यात उकडून पाणी गाळून घ्या, त्यात 10 ग्रॅम साखर आणि 10 ग्रॅम अगर पावडर, म्हणजे किराणा दुकानातलं चायना ग्रास, घाला आणि बाटलीत भरून कुकरमध्ये 20 मिनिटं ठेवा. वाफ ओसरली की मगच एक चमचा लिंबाचा रस घाला, त्याने बॅक्टेरिया दबतात, पण आधीच घालून उकळलात तर अगर नीट जमतच नाही. उकळून घेतलेल्या काचेच्या डब्यांत ओता, झाका.

पालापाचोळा सारून वरच्या दोन इंचातली माती घ्या. एक चमचा माती उकळून गार केलेल्या ग्लासभर पाण्यात हलवा, गाळ बसू द्या, वरचं चमचाभर पाणी दुसऱ्या ग्लासातल्या तशाच उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा आणि त्यातले दोन-तीन थेंबच प्लेटवर पसरवा, जास्त टाकलं तर बुरशी सगळं व्यापून टाकते. टेप लावून सावलीत ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून काचेतूनच बघा. कापसासारखं पसरलेलं ती बुरशी, दह्याच्या थेंबासारखं गुळगुळीत चकचकीत ते बहुतेक यीस्ट, गुलाबी असेल तर रोडोटोरुला असू शकतं. खळीसारखं चिकट दिसलं तर खरंच नीट बघा! मातीतल्या कितीतरी यीस्टच्या पेशींभोवती असं चिकट कवच असतं, माती सुकायला लागली की ते ओल धरून ठेवतं आणि मातीचे कणही एकमेकांना चिकटवतं. लिपोमायसेस नावाचं यीस्ट तर जवळजवळ फक्त मातीतच सापडतं आणि नायट्रोजन कमी पडला की पेशीत तेल साठवतं. अमीबा, बारीक कोळी, स्प्रिंगटेल (मातीतले उड्या मारणारे बारीक जीव) हे सगळे यीस्ट खातात, आणि त्यांच्या विष्ठेतून यीस्टमधला नायट्रोजन पुन्हा मुळांना मिळतो.

फळांवरचं यीस्टही झाडाखालच्या मातीत हिवाळा काढतं, हे डेन्मार्कच्या एमिल ख्रिश्चन हॅन्सेन यांनी 1880 च्या दशकातच दाखवलं होतं. म्हणून झाडाखालचा पाला जाळू नका प्लीज, तिथेच कुजू द्या. जमलं तर एक प्लेट पाल्याखालच्या मातीची आणि एक पाला जाळलेल्या जागेची लावा, शेजारी ठेवून बघा.

प्लेट उघडू नका, वास घेऊ नका, घरात कोणाची इम्युनिटी कमी असेल तर हा प्रयोग घरात नकोच. झालं की बंद डबा तसाच उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवून मगच रिकामा करा.