पिक्सेलचे सहनिर्देशक: घरे मोजावीत की रेषा?

शाळेत आलेख काढताना आरंभबिंदू डावीकडे खाली असतो आणि वाय वरच्या दिशेने वाढतो. चित्र संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र आरंभबिंदू चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो, एक्स उजवीकडे वाढतो आणि वाय खाली वाढत जातो. जुन्या पडद्यांवर इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली ओळी रेखाटत असे. त्याच क्रमाने चित्र साठवण्याची पद्धत रूढ झाली आणि ती अजून टिकून आहे. त्यामुळे वायची किंमत वाढवली की वस्तू खाली सरकते, एवढे आधी मनात पक्के करावे.

सहनिर्देशक, म्हणजे जागा सांगणारे एक्स आणि वाय हे दोन आकडे, पाहण्यासाठी पेंट किंवा गिंप उघडून चित्रावर माउस फिरवावा. खिडकीच्या खालच्या पट्टीत दोन आकडे बदलताना दिसतात. फोटोशॉपमध्ये त्यासाठी इन्फो पॅनेल उघडावे लागते. तेथे एकक पिक्सेलच आहे ना, हे आधी तपासावे, कारण ते सेंटिमीटर किंवा इंच असेल तर पुढचा सगळा हिशेब व्यर्थ जातो. तसेच फोटोशॉपमध्ये मोजपट्ट्यांच्या कोपऱ्यातून ओढून शून्याची जागा बदलता येते. हे चुकून झाले असेल, तर त्याच कोपऱ्यावर दोनदा क्लिक केल्यास शून्य मूळ जागी येते.

खरा घोळ यापुढे आहे. मोजणी शून्यापासून सुरू होत असल्यामुळे १९२० × १०८० आकाराच्या चित्रात पहिला पिक्सेल (०, ०) आणि शेवटचा (१९१९, १०७९) असतो. येथे आपण घरे, म्हणजे चित्र ज्या बारीक चौकोनांचे बनते ते पिक्सेल, मोजत असतो. परंतु त्याच चित्राची उजवी कड १९२० वर असते, कारण कड ही रेषा आहे, आणि १९२० घरांच्या एका ओळीला १९२१ उभ्या रेषा लागतात. निवड करताना आणि चित्र कापताना सॉफ्टवेअर बहुधा रेषांचा हिशेब धरते: एक्स १०० पासून २०० रुंदीची निवड केली, तर तिची उजवी कड ३०० वर पडते, पण तिच्यातील शेवटचा पिक्सेल २९९ क्रमांकाचा असतो. एका पिक्सेलची फट किंवा एक नको असलेली रेघ राहते, ती बहुतेक वेळा हे दोन हिशेब एकमेकांत मिसळल्यामुळेच.

चित्र आडवे उलटवून पाहिले की हा फरक स्पष्ट होतो. वरच्याच चित्रात ३०० क्रमांकाचा पिक्सेल उलटल्यावर १९१९ वजा ३००, म्हणजे १६१९ वर जातो. ३०० वरची रेषा मात्र १९२० वजा ३००, म्हणजे १६२० वर जाते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. चित्राच्या मध्याचेही तसेच आहे: रुंदी सम असल्यामुळे मध्य ९६० च्या रेषेवर, म्हणजे ९५९ आणि ९६० या घरांच्या मधोमध येतो, आणि एक पिक्सेल रुंदीची रेघ अगदी मधोमध बसवण्याचा हट्ट धरला, तर ती दोन घरांत अर्धी-अर्धी पसरून पुसट दिसते. अशा वेळी रेघ दोन पिक्सेल रुंद करावी किंवा अर्धा पिक्सेल सरकवावी. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण अर्ध्या पिक्सेलचा फरक डोळ्याला जाणवत नाही, पुसटपणा मात्र लगेच खुपतो.

चित्र कापल्यावर आरंभबिंदू नव्या कोपऱ्यात जातो. समजा, डावीकडून २५० आणि वरून १२० पिक्सेल कापले, तर आधी (६००, ४००) वर असलेला ठिपका आता (३५०, २८०) वर सापडेल. म्हणून जागांची नोंद ठेवायची असेल, तर कापण्यापूर्वीच हे दोन आकडे टिपून ठेवावेत. चित्राबाहेर डावीकडे किंवा वर गेलेल्या लेयरच्या, म्हणजे चित्रातील स्वतंत्र थराच्या, कोपऱ्याला ऋण सहनिर्देशक मिळतात. ती चूक नसते.

हेच आकडे प्रोग्रामला देताना क्रमाकडे लक्ष द्यावे. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील नमपाय ॲरेमध्ये (आकड्यांच्या तक्त्यामध्ये) आधी ओळ आणि मग स्तंभ लिहितात, म्हणजे वाय आधी आणि एक्स नंतर. संपादकात (३५०, २८०) वाचलेला ठिपका तेथे [२८०, ३५०] असा मागावा लागतो.