मक्याला शेणखत टाकताय? आधी ढिगात हात घालून बघा

मका म्हणजे एक नंबर खादाड पीक, त्याला शेणखत मानवतं यात वादच नाही, पण खत "टाकलं" आणि खत "लागलं" यात लई फरक असतो.

पहिलं काम, ढीग कोपरभर उकरून आत हात घाला. गरम लागलं किंवा नाकात झिणझिण्या आल्या तर खत अजून कच्चं आहे. तयार खताला ओल्या मातीसारखा वास येतो आणि कडब्याचे तुकडे चिमटीत सहज चुरतात. मी एका वर्षी घाई करून अर्धकच्चं टाकलं, त्यातनं हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आली ती आलीच, वर तणाचं बी पण आलं आणि मका महिनाभर पिवळाच, कारण आतला कच्चा कडबा कुजवायला जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात ना.

चांगलं कुजलेलं असेल तर एकरी ४-५ टन, पेरणीच्या २-३ आठवडे आधी. आणि हो, खताच्या ढिगुल्या रानात पंधरा-पंधरा दिवस उन्हात सोडायची सवय आधी बंद करा, नत्र हवेत उडून जातं आणि राहतो तो नुसता चोथा. ज्या दिवशी पसरवाल त्याच दिवशी वखराची पाळी घालून मातीआड करा.

शेळ्या-मेंढ्यांचं लेंडी खत आणि कोंबडी खत जास्त तेज, म्हणून बरंच कमी लागतं. कोंबडी खत तर ताजं बियाजवळ अजिबात नको, कोंभ करपतात.

आता हिशोब बघा. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे ५ टनात २५ किलो, त्यातलं पहिल्या हंगामात पिकाला मिळतं जेमतेम तिसरा हिस्सा, म्हणजे ८ किलोच्या आसपास, आणि चांगल्या मक्याला एकरी ५० किलो तरी पाहिजे. मग नुसत्या शेणखतावर भरगच्च कणसं कुठनं येणार? खताचा खरा फायदा म्हणजे जमीन भुसभुशीत होते, ओल टिकते, जस्तासारखी बारीक अन्नद्रव्यं मिळतात, उरलेलं नत्र पुढच्या पिकांना हळूहळू मिळत राहतं.

त्यामुळे मका गुडघाभर झाला की खालची पानं बघत चला. शेंड्यापासनं मधल्या शिरेवरून आत पिवळेपणा सरकत असेल तर नत्र कमी पडतंय, तुऱ्याची वाट न बघता वापश्यावर, म्हणजे रानात ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी, युरियाचा हप्ता द्या आणि लगेच मातीची भर लावा, पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, मात्र युरियाचे दाणे पडू देऊ नका.