टिकाऊ वस्तू: पैसा कुठे घालायचा, कुठे वाचवायचा

घेण्याआधी किमतीला वापराने भागून पाहा. समजा, एक बूटजोड दुसऱ्याच्या तिप्पट किमतीचा आहे. रोज घातला तर स्वस्त जोड वर्षभरात संपतो. महाग जोड ५ वर्षं जातो, पण मध्ये २ वेळा तळ बदलावा लागतो. एका तळाचा खर्च स्वस्त जोडाच्या निम्मा धरला, तर ५ वर्षांत महाग जोडाला ४ स्वस्त जोडांएवढा पैसा लागतो आणि स्वस्तात गेलात तर ५ जोडांचा. फायदा आहे, पण वाटतो तेवढा मोठा नाही. हाच बूट वर्षातून १० वेळाच घालायचा असेल, तर स्वस्त जोडही ५ वर्षं पुरेल आणि महाग घेणं तोट्याचं ठरेल.

वरचा हिशेब तळ बदलता येतो म्हणूनच जमतो. गुडइयर वेल्ट पद्धतीत बुटाच्या कडेने एक पट्टी असते आणि तळ त्या पट्टीला शिवलेला असतो. वरच्या चामड्याला हात न लावता तो उसवून नवा बसवता येतो. नुसत्या चिकटवलेल्या तळावर कधीकधी शोभेची शिवण रबरात ओतलेली असते. ती नखाने चाचपा: खऱ्या शिवणीत दोरा वेगळा लागतो. मग बूट चवड्याशी वाकवून पुढच्या टोकाशी फट पडते का पाहा. पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या प्लास्टिकचा) तळ तर न वापरता कपाटात पडून राहिला, तरी हवेतल्या ओलाव्याने काही वर्षांत त्याचा भुगा होतो. सेलमध्ये २ जोड घेऊन एक पुढच्यासाठी ठेवू नका.

किंमत जास्त म्हणजे माल चांगला, असं अजिबात धरू नका. पट्टा किंवा पाकीट घेताना कापलेली कड पाहा. अस्सल चामड्यात एकमेकांत गुंतलेले तंतू दिसतात. कापडावर पातळ थर चढवलेला दिसला, तर तो थर पापुद्रे धरून सुटणार.

कपड्याची शिवण दोन्ही बाजूंनी ताणून उजेडासमोर धरा. टाक्यांमधून उजेड आला की शिवण सैल आहे. शर्टाला इंचाला १० ते १२ टाके हवेत. ६-७ असतील तर ती लवकर उसवते.

बॅगेची चेन बंद होऊनही मागून उघडत असेल, तर बहुतेक वेळा दात शाबूत असतात आणि स्लायडरचं तोंड झिजून फाकलेलं असतं. स्लायडर चेनच्या सुरुवातीला आणा, त्याच्या मागच्या टोकाच्या दोन्ही कडा पक्कडीने आळीपाळीने अगदी हलक्या दाबा आणि ओढून पाहा. जोर जास्त झाला तर तो तुटतो. बदलायचाच असेल, तर जुन्याच्या पाठीवरचा आकडा (३, ५, ८, १०) पाहून त्याच आकड्याचा आणि त्याच प्रकारच्या दातांचा घ्या. धातूच्या दातांचा स्लायडर नायलॉनच्या चेनला चालत नाही. एवढ्याशा भागापायी अख्खी बॅग टाकून देणं खरोखर वाईट वाटण्यासारखं आहे.

विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या यंत्रात कार्बन ब्रश (मोटारीच्या फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे छोटे ठोकळे) असतील, तर ते झिजणारच. ते बाहेरून स्क्रू काढून बदलता येतात का आणि सुटे मिळतात का, हे विकत घेण्याआधीच विचारा. बॅटरीचंही तेच: स्क्रूने बसवलेली चांगली, चिकटवलेली नको. पार्टिकल बोर्डचं कपाट एका जागी राहणार असेल तर ठीक; घर बदलताना स्क्रू काढून पुन्हा लावले की भुसा सुटतो आणि पकड जाते. पाणी लागून कड फुगली की ती पुन्हा बसत नाही.

वर्षातून एकदा लागणारं हत्यार, मुलांचे झपाट्याने तोकडे होणारे कपडे, अजून सवय न लागलेल्या छंदाचं सामान, इथे खुशाल स्वस्त किंवा वापरलेलं घ्या. स्वस्त हत्यार वापरून वापरून मोडलं, तर ते तुम्हाला खरंच लागतं हे कळलं. मग चांगलं घ्या. शिडी, हेल्मेट आणि विजेच्या वायरी यांना ही सूट नाही. वापरलेलं हेल्मेट तर घेऊच नका, आतला फोम एकदा दबला की बाहेरून कळत नाही.

बुटाची टाच मात्र वेळेत बदला. खालचा रबरी थर पुरता झिजून वरचा थर जमिनीला घासायला लागला, की साध्या दुरुस्तीऐवजी अख्खी टाच नव्याने बांधावी लागते.