टोणग्यांचा कळप फोडला, खोकला आटोक्यात आला

मोहोळकडे आमचा मांसासाठी टोणगे (रेडे) वाढवायचा मुक्त गोठा आहे, म्हणजे जनावरं न बांधता वाड्यात मोकळी. (राज्यात गाईची कत्तल आधीच बंद होती, २०१५ च्या कायद्याने बैल, वळूचीही बंद झाली, म्हैसवर्ग त्यात नाही.) चोवीस जनावरं एकाच वाड्यात. दांडगे गव्हाणीवर अडून बसायचे, बारके उरलंसुरलं खायचे. एकाला खोकला लागला की शेंबूड गव्हाणी-हौदातून सगळ्यांना. औषधाचा खर्च वेगळाच.

मग आठ-आठचे तीन गट केले. वय बघितलं नाही, वजन बघितलं. छातीचा घेर टेपने मोजला की अंदाज येतो. प्रत्येक गटाला स्वतंत्र हौद, आणि दर जनावरामागे दोन फूट गव्हाण, म्हणजे सगळे एकदम खातात. खरा फरक इथं पडला. एकदा लावलेला गट मोडायचा नाही. नवा गडी घुसला की पुन्हा टकरा, चारा राहतो बाजूला. बाजारातून आणलेलं जनावर तीन आठवडे लांब बांधायचं. घटसर्पाची (जनावरांचा घसा सुजवणाऱ्या आजाराची) लस पावसाळ्याआधीच.

पत्रे, हौद यांचा खर्च झाला, शेण काढायलाही वेळ जास्त जातो. पण आजारी जनावर लगेच नजरेत येतं, आणि गट एकसारखा भरल्यामुळे व्यापारी एकदमच उचलतो, बारक्यांवर भाव पाडत नाही. चाराटंचाईत तर मला सहाचाच गट बरा वाटतो.